डास, सांडपाणी आणि रक्त : सायप्रसच्या दोन्ही बाजूंना

लिमासोलला नोकरी करणारा माझा भाचा बरेच दिवस "मावशी, एकदा ये" म्हणून मागे लागला होता. लोक सायप्रसला समुद्रकिनाऱ्यांसाठी जातात. मला ओढ होती ती वेगळीच. माझी सगळी नोकरी हिवताप विभागात गेली, त्यातली बरीचशी गडचिरोली जिल्ह्यात. एका प्रशिक्षणात कधीतरी ऐकलं होतं की हिवताप पूर्ण हद्दपार करणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या प्रदेशांत सायप्रस आहे. पुढे याच बेटाची फाळणी झाली. 1974 पासून दक्षिणेत ग्रीक सायप्रिओट आणि उत्तरेत तुर्की सायप्रिओट. मधे संयुक्त राष्ट्रांचे सैनिक. एकमेकांची सही मान्य नसलेली ही माणसं डास, सांडपाणी आणि रक्त यांचं काय करतात, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं.

मार्चच्या शेवटी गेलो, मी आणि माझे यजमान. हवा इतकी छान की दुपारी पातळ स्वेटरही काढावा लागे. दोन दिवस मात्र सहाराची धूळ आली आणि आकाश पिवळट झालं. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी इनहेलर जवळ ठेवावाच.

शनिवार : लार्नाका

विमानतळाला लागूनच खाऱ्या पाण्याचं तळं आहे. हिवाळ्यात तिथं रोहित पक्षी उतरतात. आम्ही गेलो तेव्हा बहुतेक निघून गेले होते, मागे राहिलेले थोडे दूरवर उभे होते. तळ्याकाठी खजुरीच्या झाडांत हाला सुलतान तेक्के ही जुनी दर्गावजा मशीद आहे. ती दक्षिणेत, म्हणजे ग्रीक सायप्रिओटांच्या बाजूला आली. उत्तरेतले मुसलमान यात्रेकरू संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं इथं येतात, आणि दक्षिणेतले ख्रिस्ती उत्तरेतल्या मठांना जातात.

भाच्यानं मुद्दाम वाट वाकडी करून एका रस्त्याची पाटी दाखवली : जनरल थिमय्या यांचं नाव, ग्रीक अक्षरांत. आपले थिमय्या इथल्या शांतिसेनेचे प्रमुख होते आणि डिसेंबर 1965 मध्ये इथंच, कामावर असताना गेले. त्यांच्या आधी प्रेमसिंग ग्यानी आणि नंतर, 1974 च्या युद्धाच्या काळात, दिवाण प्रेमचंद याच पदावर होते. तीन भारतीय सेनानींनी या बेटाचे सर्वांत कठीण दिवस पाहिले, आणि आपल्याकडे हे फारसं कुणाला माहीत नाही.

संध्याकाळी बंदरावरच्या खानावळीत भाजलेलं हलूमी चीज, रानातल्या शतावरीचे कोवळे कोंब घातलेली अंडी आणि ऑलिव्ह. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी आम्ही शाकाहारी आहोत हे ऐकून मालकाला हाक मारली आणि उपवासाच्या काळातले पदार्थ आणायला लावले. ईस्टरआधीच्या उपासात इथले लोक मांस, दूध, अंडी सोडतात. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये शाकाहारी माणसाची चैन असते. "नीस्तीसिमा" एवढा शब्द लक्षात ठेवा. तो म्हटला की उपवासाचं खाणं समोर येतं.

रात्री खोलीत डास दिसला. सवयीनं मी तो मारून नीट पाहिला. पायांवर पांढरे पट्टे नव्हते. पण 2022 साली या लार्नाका परिसरातच एडिस इजिप्ती आणि लिमासोलकडे एडिस अल्बोपिक्टस सापडला. डेंगीचे हे दोन्ही डास. तेव्हापासून इथले आरोग्य खाते सावध आहे.

रविवार : निकोसिया, तटबंदीच्या आत

बसनं तासाभरात राजधानी. जुनं शहर व्हेनिसच्या लोकांनी बांधलेल्या गोल तटबंदीत आहे, अकरा बुरूज आणि तीन वेशी. या वर्तुळाच्या बरोबर मधून दोन्ही बाजू वेगळ्या करणारी हिरवी रेषा जाते. डिसेंबर 1963 मध्ये दोन समाजांत दंगली उसळल्या तेव्हा पीटर यंग या ब्रिटिश सेनाधिकाऱ्यानं नकाशावर हिरव्या पेन्सिलीनं रेघ मारली, तेव्हापासून हे नाव. 1974 च्या जुलैत आधी अथेन्सच्या पाठिंब्यानं उठाव झाला, मग तुर्कस्तानचं सैन्य उतरलं. दीड लाखाहून जास्त ग्रीक सायप्रिओट घरदार सोडून दक्षिणेकडे गेले, चाळीस हजारांहून जास्त तुर्की सायप्रिओट उत्तरेकडे. आज मधला पट्टा साधारण 180 किलोमीटर लांब आहे. कुठे काही किलोमीटर रुंद, तर जुन्या निकोसियात एका गल्लीएवढा.

आम्ही त्या पट्ट्याच्या कडेनं चाललो. गल्ली चालता चालता एकदम संपते : वाळूच्या गोण्या, गंजलेली पिंपं, पाटी, आणि पलीकडे पन्नास वर्षांत दार न उघडलेली दुकानं. प्रवासी तिथं फोटो काढतात (काही ठिकाणी सैनिक मनाई करतात, पाट्या बघा). माझं लक्ष भलतीकडेच होतं. छप्पर पडलेली घरं, उघड्या टाक्या, तुंबलेले पन्हाळे, पावसाचं साचलेलं पाणी. कुणी जायचं नाही अशी जागा म्हणजे डासांना आंदणच. आपल्या शहरात एखादा वाडा कोर्टकज्ज्यात अडकून बंद पडला की अख्ख्या पेठेला ताप येतो. इथं अशी बंद दारं बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आहेत.

हे मी भाच्याच्या ओळखीच्या एका ग्रीक सायप्रिओट आरोग्य निरीक्षकांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "बाई, हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारणाऱ्या पाहुण्या तुम्हीच." मग त्यांनी कामाची गोष्ट सांगितली. मधल्या पट्ट्यात कुठल्याच बाजूचा माणूस आपल्या मर्जीनं जाऊ शकत नाही. औषध टाकायला जायचं तर संयुक्त राष्ट्रांची परवानगी लागते आणि पलीकडे कळवावं लागतं. एका बाजूनं फवारलं आणि दुसरीनं नाही, तर फवारणी वाया. 2008 मध्ये दोन्ही समाजांच्या नेत्यांनी निरनिराळ्या विषयांच्या तांत्रिक समित्या नेमल्या, त्यांत आरोग्याची एक आहे. दोन्हीकडचे डॉक्टर आणि तज्ज्ञ तिच्यात बसतात. राजकीय बोलणी बंद पडली तरी या समित्यांचं काम होत राहावं, हाच त्यांचा उपयोग.

"काम नेहमी होतं का?" मी विचारलं. "नेहमी नाही," ते म्हणाले. "पण फोन कुणाला करायचा, ते माहीत असतं." साथीच्या कामात अर्धी लढाई इथंच जिंकली किंवा हरली जाते. गडचिरोलीत सीमेपलीकडे छत्तीसगडमधल्या प्राथमिक केंद्रातल्या माणसाचा नंबर वहीत असणं काय असतं, हे मला ठाऊक आहे.

सोमवार : लेड्रा स्ट्रीट ओलांडून

लेड्रा स्ट्रीट हा दक्षिणेचा गजबजलेला बाजाररस्ता. कपड्यांची दुकानं, आइस्क्रीम, आणि मधेच पोलिसांची खिडकी. काही पावलं रिकाम्या पट्ट्यातून, मग दुसरी खिडकी. पासपोर्ट पाहिला, संगणकावर नोंद केली, शिक्का पासपोर्टवर मारला नाही. इथली वाट 3 एप्रिल 2008 ला उघडली. त्याआधी 23 एप्रिल 2003 ला लेड्रा पॅलेसची वाट उघडली होती आणि तेव्हा हजारो माणसं आपापली जुनी घरं बघायला पलीकडे गेली.

जाणाऱ्यांसाठी : सायप्रस प्रजासत्ताकाचा व्हिसा अनेकवार प्रवेशाचा घ्या आणि लार्नाका किंवा पाफोसच्या विमानतळावरच उतरा. उत्तरेतल्या विमानतळावरून बेटात शिरणं दक्षिणेच्या कायद्यात बसत नाही. भारतीय पासपोर्टला उत्तरेत जाऊ देण्याचे नियम बदलत असतात, निघायच्या आठवड्यात चौकशी करा. उत्तरेत मोबाइल तुर्की जाळं पकडतो आणि बिल भरमसाट येतं, म्हणून सीमेवर पोचण्याआधी डेटा बंद करा. दक्षिणेत युरो, उत्तरेत लिरा. जुन्या शहरात युरोही चालतात. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून.

पलीकडे पहिल्यांदा जाणवतो तो आवाज. सेंट सोफियाचं गॉथिक कॅथेड्रल आता सेलिमिये मशीद आहे, तिची बांग. जवळच बुयुक हान, 1572 मध्ये बांधलेली व्यापाऱ्यांची सराई. दगडी चौक, मधे छोटी मशीद, कमानींखाली हस्तकलेची दुकानं. तिथं जेवायला बसलो. मालकीणबाईंनी दिवसाची भाजी म्हणून जे पुढ्यात ठेवलं ते पाहून मी आणि यजमान एकमेकांकडे बघतच राहिलो. अळूचे कंद! टोमॅटो, कांदा, सेलरी घालून शिजवलेले. इथं त्याला कोलोकास म्हणतात आणि दक्षिणेतही हाच पदार्थ घरोघरी होतो. तिथं बहुधा डुकराच्या मांसाबरोबर, इथं कोंबडीबरोबर. आमच्यासाठी त्यांनी नुसता केला होता.

मी विचारलं, खाजत नाही का? बाई मला स्वयंपाकघरातच घेऊन गेल्या. कंद सोलल्यावर धुवायचा नाही, कापडानं पुसायचा. सुरी अर्धी रुतवायची आणि पिळून तुकडा मोडून काढायचा. पानांचं काय करता, म्हटलं तर "टाकून देतो." मग अळूवडी कशी करतात हे मी हातवारे करून सांगितलं. त्यांनी डाळीच्या पिठाचं प्रमाण लिहून घेतलं.

त्याच चौकात एका निवृत्त तुर्की सायप्रिओट परिचारिकेशी गाठ पडली. त्यांच्याकडून करोनाच्या दिवसांची हकिगत ऐकली, आणि ती गोड नाही. 29 फेब्रुवारी 2020 ला दक्षिणेनं ओलांडण्याच्या काही वाटा बंद केल्या. तेव्हा बेटावर एकही रुग्ण सापडलेला नव्हता. लेड्रावर माणसं जमली, दोन्हीकडची, आणि वाट उघडा म्हणून घोषणा दिल्या. मग साथ आली आणि सगळ्याच वाटा मिटल्या. दक्षिणेत उपचार घेणारे उत्तरेतले रुग्ण, पलीकडे कामाला जाणारे मजूर, शाळेत जाणारी मुलं, सगळे अडकले. वाटा पुन्हा नीट उघडल्या त्या जून 2021 मध्ये.

"आणि समिती?" मी विचारलं. त्या म्हणाल्या की समितीमुळेच आकडे इकडून तिकडे कळत राहिले, आणि 2021 मध्ये युरोपीय संघाकडून आलेल्या लसींतला उत्तरेचा वाटा याच समितीच्या हातून पोचला. थोड्या थोड्या कुप्या येत, पण येत. वाट बंद करायचा निर्णय मात्र समितीला विचारून झाला नव्हता. हे त्यांनी दोनदा सांगितलं. मलाही तेच महत्त्वाचं वाटतं : डॉक्टरांची समिती नेमून तिला निर्णयाच्या खोलीबाहेर ठेवलं, तर ती लस वाटू शकते, भीती थांबवू शकत नाही.

मंगळवार : मधल्या पट्ट्यातलं उपाहारगृह

लेड्रा पॅलेस हे एके काळचं बेटावरचं सर्वांत झकास हॉटेल, आता भिंतींवर गोळ्यांच्या खुणा. तो पट्टा कुणाचाच नाही. रस्त्याच्या पलीकडे 2011 मध्ये एका मोडक्या इमारतीची दुरुस्ती करून 'होम फॉर कोऑपरेशन' सुरू झालं. वर संस्थांच्या कचेऱ्या आणि वर्ग, खाली उपाहारगृह. तिथं दोन्ही बाजूंचे तरुण एकाच टेबलावर लॅपटॉप उघडून बसतात. निकोसियात एकच सकाळ मिळाली तरी ती इथं घालवा. चहा बरा आहे, गवती चहा घातलेला नाही इतकंच.

इथं आम्हाला दक्षिणेतले एक निवृत्त मलनिस्सारण अभियंते भेटले, ऐंशी ओलांडलेले, काठी टेकत आलेले. माझे यजमान नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात होते, त्यामुळे दोघांची भाषा लगेच जुळली आणि पुढचे दोन तास मी फक्त ऐकत होते.

गोष्ट अशी. 1974 च्या आधीच जागतिक बँकेच्या कर्जातून निकोसियासाठी एक भूमिगत मलनिस्सारण योजना आखली गेली होती. तोवर घरोघरी शोषखड्डे, आणि ते भरले की रस्त्यावर. काम पुरं व्हायच्या आत युद्ध आलं. शहर दोन झालं, पण जमिनीचा उतार तसाच राहिला. नळ आणि घरं जास्त दक्षिणेत. शुद्धीकरण केंद्राची जागा मात्र उतारावर, मिया मिलिया (तुर्की नाव हास्पोलात) इथं, आणि ती गेली उत्तरेत. दक्षिणेला घाण पाठवायला जागा नाही, उत्तरेला केंद्र चालवायला पुरेसं सांडपाणी नाही. दोघांच्या खड्ड्यांतली घाण त्याच भूजलात मुरते आणि पेदिएओस नदी तर पावसात दोन्ही बाजूंमधून वाहते.

त्या वेळी दक्षिणेचे महापौर लेल्लोस दिमित्रियादिस, पेशानं वकील. उत्तरेचे मुस्तफा अकिंजी, वास्तुविशारद, वयानं अगदी तरुण. एकाच्या सरकारला दुसऱ्याचं सरकारच मान्य नाही, मग करारावर सही कोणत्या हुद्द्यानं करायची? त्यांनी हुद्दे बाजूला ठेवले आणि नगरपालिकांचे प्रतिनिधी म्हणून बोलले. 1978 मध्ये तोडगा निघाला, पाइप पुरे झाले, केंद्र सुरू झालं. दोन्हीकडच्या वर्तमानपत्रांनी दोघांना झोडपलं. अभियंते म्हणाले, "आम्हाला सांगितलं होतं, तुम्ही फक्त व्यास, उतार आणि चेंबरची खोली बोला. झेंड्याचं नाव काढलं की उठा." या एका पाइपातून पुढे शहराचा संयुक्त आराखडा निघाला, जुन्या वाड्यांची दुरुस्ती झाली आणि त्या कामाला 2007 मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. दिमित्रियादिस 2001 पर्यंत महापौर राहिले. अकिंजी 2015 मध्ये तुर्की सायप्रिओटांचे नेते म्हणून निवडून आले.

जुनं केंद्र अपुरं पडायला लागलं आणि वासानं आसपासची वस्ती हैराण झाली, तेव्हा तिथंच नवं केंद्र बांधलं. ते 2013 च्या सुमाराला पुरं झालं. पैसे युरोपीय संघाचे आणि दक्षिणेच्या मलनिस्सारण मंडळाचे, दिवसाला 30,000 घनमीटर पाणी शुद्ध करण्याची क्षमता. यजमानांनी पाणी गाळणाऱ्या पातळ पटलांबद्दल (मेम्ब्रेन) इतके प्रश्न विचारले की आजोबांनी कागदी रुमालावर आकृती काढून दिली. केंद्र आतून बघायचं असेल तर आधी परवानगी काढावी लागते. आमच्या हातात तेवढा वेळ नव्हता.

मला या गोष्टीत सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की इथं कुणी कुणाला माफ केलेलं नव्हतं. हरवलेल्या माणसांची प्रेतंसुद्धा सापडलेली नव्हती. मैत्री होईल तेव्हा बघू, आधी पोरांना जुलाब नकोत, एवढ्यावर काम सुरू झालं. आपल्याकडे सलोख्याचे कार्यक्रम होतात, भाषणं होतात, हार घालतात. भांडणाऱ्या दोन वस्त्यांमधला नाला मात्र कुणी एकत्र बसून साफ करत नाही.

निघताना त्यांनी हॉटेलकडे काठी दाखवून आणखी एक सांगितलं. 2000 साली, वाटा अजून बंद होत्या तेव्हा, रक्ताचा कर्करोग झालेल्या एका समाजातल्या लहान मुलासाठी अस्थिमज्जा जुळवायची होती. तसाच एक रुग्ण मुलगा दुसऱ्या समाजातही होता. हजारो माणसं दाता म्हणून रक्ताचा नमुना द्यायला पुढे आली, आणि उत्तरेतल्या लोकांचे नमुने याच पट्ट्यात घेतले गेले. दक्षिणेतल्या कराइस्काकिओ फाउंडेशनकडे असलेल्या दात्यांच्या नोंदवहीत दोन्ही समाजांची नावं आहेत.

बुधवार : कार्पाझ

बेटाच्या ईशान्येला शेपटीसारखं लांब टोक निघालं आहे, तेच कार्पाझ. दक्षिणेतून भाड्यानं घेतलेली गाडी उत्तरेत सहसा नेऊ देत नाहीत, आणि दिली तरी सीमेवर वेगळा विमा काढावा लागतो. म्हणून पलीकडे जाऊन ड्रायव्हरसकट गाडी घेतली. पहाटे निघालो तरी टोकाला पोचायला दुपार झाली. वाटेत जव हिरवा होता, कडेला पिवळी फुलं, कॅरोबची झाडं, आणि रस्त्यावर बिनधास्त उभी गाढवं. युद्धात माणसं गेली, गाढवं मागे राहिली आणि रानटी झाली. काचा खाली केल्यात तर डोकं आत घालतात. गाजर असेल तरच करा.

इथं यायचं माझं कारण मेहमेत अझीझ. हे तुर्की सायप्रिओट मुख्य आरोग्य निरीक्षक. आपल्या सिकंदराबादला 1897 मध्ये डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू शोधणारे रोनाल्ड रॉस 1913 मध्ये सायप्रसला येऊन गेले होते, आणि अझीझ त्यांच्याच तालमीतले. ब्रिटिश अमलात, 1946 च्या जानेवारीत, अझीझ यांनी या कार्पाझच्या टोकापासून मोहीम सुरू केली. सबंध बेटाचे सुमारे 500 चौकोन पाडले. एक माणूस, एक चौकोन, आणि 12 दिवसांत त्यातलं प्रत्येक पाणी तपासून डीडीटी टाकायचं. डबकी, विहिरी, गुहा, गुरांच्या खुरांच्या खड्ड्यांत साचलेलं पाणीसुद्धा. साफ झालेल्या भागात येणारी वाहनं फवारून मगच सोडायची. पश्चिमेकडे सरकत सरकत 1950 च्या फेब्रुवारीत बेट हिवतापमुक्त जाहीर झालं. डास समूळ नष्ट झाला नाही, पण रोगाची साखळी तुटली. डीडीटीनं रानपाखरांचं आणि मातीचं काय केलं हा हिशेब तेव्हा कुणी मांडला नव्हता, आज तसं औषध कुणी पाण्यात ओतणार नाही. पण माणसागणिक आणि पाण्यागणिक जबाबदारी वाटून देण्याची ती पद्धत आजही तितकीच पक्की आहे.

त्या फवारणीवाल्यांत ग्रीक बोलणारे होते आणि तुर्की बोलणारेही, आणि गावंही मिश्र होती. एटापल्लीत, भामरागडात आमच्या गाडीला रात्री कुणी अडवलं की "हिवतापवाले" एवढं सांगितलं तरी बहुधा वाट मिळायची. बंदूक कुणाच्याही हातात असो, त्याच्या घरी तापानं फणफणलेलं पोर असतंच. सूक्ष्मदर्शकाशिवाय काहीही हातात नसलेल्या माणसाला लोक कसे आत घेतात, हे मी पाहिलेलं आहे. म्हणून 1946 च्या त्या माणसांबद्दल वाचताना मला ती ओळखीची वाटतात.

दिपकार्पाझ (ग्रीक नाव रिझोकार्पासो) गावात चर्च आणि मशीद अगदी जवळजवळ आहेत. 1974 नंतरही इथं थोडे ग्रीक सायप्रिओट राहिले. त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांचे सैनिक दक्षिणेतून सामान घेऊन येतात. चौकातल्या कॉफीगृहात ग्रीक म्हातारे आणि तुर्की म्हातारे शेजारशेजारच्या टेबलांवर बसले होते. आमचा ड्रायव्हर म्हणाला, इथं कुणाला बरं नसलं की कळायला दुपारही होत नाही.

टोकाला अपोस्तोलोस आंद्रेआस मठ. तो कोसळायच्या बेतात होता. वारसास्थळांच्या संयुक्त समितीनं दुरुस्ती हाती घेतली, पैसे ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चनं आणि उत्तरेतल्या एवकाफ या मुस्लिम वक्फ संस्थेनं दिले, 2016 मध्ये तो पुन्हा उघडला. खाली खडकातून गोड्या पाण्याचा झरा येतो, भाविक बाटल्या भरून नेतात. मी आधी वाकून अळ्या आहेत का ते बघितलं. नव्हत्या.

गुरुवार : पुन्हा निकोसिया

हिवताप गेला आणि त्याच्या आडून दुसरा रोग पुढे आला : थॅलेसेमिया, आई-बापांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार. थॅलेसेमियाच्या वाहकाला हिवतापापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून हिवतापाच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या वाहक वाढत गेले. सायप्रसमध्ये साधारण सहा-सात माणसांमागे एक वाहक, ग्रीक असो वा तुर्की. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता मूल थॅलेसेमिया मेजरचं असण्याची, म्हणजे जन्मभर रक्त चढवणं. 1970 च्या दशकात डॉक्टरांनी हिशेब मांडला : असंच चाललं तर बेटावरचं सगळं दान केलेलं रक्त याच मुलांना पुरणार नाही.

तेव्हा बेट नुकतंच फाटलं होतं. पण दोन्ही बाजूंनी केलं ते एकच : लग्नाआधी तपासणी. दक्षिणेत चर्चनं लग्न लावण्याआधी प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली, उत्तरेत कायदा झाला. ऐंशीच्या दशकात दोन्हीकडे नवीन रुग्ण बालकांचा जन्म जवळपास थांबला. सायप्रस इन्स्टिट्यूट ऑफ न्यूरॉलॉजी अँड जेनेटिक्स ही संस्था 1990 मध्ये उभी राहिली ती दोन्ही समाजांसाठी. थॅलेसेमिया रुग्णांच्या जागतिक महासंघाचं मुख्यालयही याच शहरात आहे.

या कामात वर्षानुवर्षं समुपदेशन केलेल्या एका बाईंची वेळ भाच्यानं मिळवून दिली होती. मी त्यांना उल्हासनगरबद्दल सांगितलं. तिथल्या सिंधी समाजात वाहकांचं प्रमाण जास्त आहे, माझी एक मैत्रीण तिथं तपासणी शिबिरं घेते. लोक येतात, पण मुलीची तपासणी करायला आई-बाप कचरतात. वाहक निघाली तर लग्न मोडेल म्हणून.

बाईंनी पेन उघडलं आणि एक मुद्दा लिहून माझ्याकडे सरकवला. चर्चच्या प्रमाणपत्रावर निकाल नसतो. तपासणी झाली, सल्ला दिला, एवढंच. निकाल त्या दोघांना कळतो, पाद्रीला नाही, सासूला नाही. लग्न करायचं की नाही हेही त्या दोघांचंच. बहुतेक जोडपी लग्न करतातच, आणि मग गर्भाची तपासणी करून घेतात.

मी लगेच तो कागद मोबाइलवर टिपून मैत्रिणीला पाठवला. तिचं उत्तर रात्री आलं : निकाल लपवायची कल्पना उत्तम, पण प्रमाणपत्र मागणार कोण? पाद्रीच्या जागी आपल्याकडे सिंधी पंचायत, लग्न लावणारे महाराज, की सभागृह भाड्यानं देणारा? तिनं तिघांकडेही जायचं ठरवलं आहे, आणि पहिली भेट सभागृहवाल्याची घेणार आहे, कारण तारीख त्याच्या वहीत सर्वांत आधी लागते.